दौलतरावांचा एअर फिल्टर

दौलतराव जगदाळ्यांच्या खडी क्रशरची धूळ घराघरांत येते, अशी गावाची तक्रार होती. दौलतरावांनी मात्र पंचायतीला लेखी दिलं होतं, "माझ्या क्रशरवर चिमूटभरही धूळ उडत नाही." ग्रामसभेत त्याचा निकाल लागायचा होता.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांची मोटारसायकल चढावर बंद पडली. ढकलत ढकलत ते मेहबूब मिस्त्रीच्या गॅरेजवर आले. मेहबूबने प्लग काढला, तो काजळीने काळा झाला होता. एअर फिल्टर तर पार चोंदला होता.

"दोन्ही बदलावे लागतील, मालक."

दौलतराव भडकले. "पुस्तकात फिल्टर बारा हजार किलोमीटरला बदला म्हणून लिहिलंय. चार हजारांत जातोच कसा? तू मला डुप्लिकेट घातलास. तसं लिहून दे, नाहीतर माझा हा गाळा आजच्या आज खाली कर."

शेजारच्या टपरीवरची माणसं चहा विसरून बघायला आली. मेहबूबने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर फिल्टर दोनदा आपटला. दगडाच्या पांढऱ्या भुकटीचा ढीग पडला.

"लिहून देतो. फिल्टर मी घातला होता. ही भुकटी कुणी घातली, तेवढं उद्या ग्रामसभेत तुम्ही सांगा."

दौलतराव माणसांकडे बघत हळूच म्हणाले, "नवीन टाक. आणि ते सगळं मला बांधून दे."

मेहबूबने रिकामा फिल्टर त्यांच्या हातात ठेवला आणि वर्तमानपत्राची पुडी स्वतःच्या खिशात घातली.

"जुना पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायची आमची पद्धत आहे, मालक. पण धूळ तुमची नाही, असं तुम्हीच लेखी दिलंय."