ओसरी, पडवी आणि कलम सतरा

"तिचं दार बंद करू की नको, एवढंच सांगा."

श्रीरंग तिसऱ्यांदा विचारत होता. शिवगिरीबुवा मठाच्या ओट्यावर बसून मसूर निवडत होते. त्यांनी एक खडा उचलला, डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला आणि बाजूला टाकला.

"कुनाचं दार?"

श्रीरंगनं डोळे मिटून घेतले. दीड तास डोंगर चढून आल्यावर आता पुन्हा पहिल्यापासून सांगायचं म्हणजे... पण सांगितलं.

मोठ्या कंपनीच्या ॲपवर सगळी दुनिया गप्पा मारते, फोटो टाकते. तिथं जागा कंपनीची, नियमही कंपनीचे, आणि मनात आलं की कंपनी कुणालाही बाहेर काढते. हे त्याला कॉलेजपासून सलत होतं. म्हणून त्यानं आणि मेघना कुलथेनं मिळून वेगळी रीत बसवली. ज्यानं त्यानं आपल्या कॉम्प्युटरवर आपली जागा मांडायची, आपली माणसं तिथं बोलवायची. सगळ्या जागांनी नियमावली मात्र एकच पाळायची, म्हणजे इथला निरोप तिथं आपोआप पोचतो. ती नियमावली खुली, कुणीही उचलावी, कुणाला विचारायची गरज नाही.

त्याच्या जागेचं नाव ओसरी, मेघनाच्या जागेचं पडवी. ओसरीवर सहाशे माणसं होती आणि पडवीवर नऊशे. हा दुसरा आकडा सांगताना श्रीरंगचा आवाज जरा खाली आला.

नियमावलीत कलमं बेचाळीस. त्यातली पहिली दहा दोघांनी बारा वर्षांपूर्वी याच ओट्यावर बसून लिहिली होती, डोंगर फिरायला आले होते तेव्हा. म्हणून तर तो बुवांकडे आला होता.

"ती चष्म्यावाली? लई हसायची."

"तीच."

आता ती हसत असेल तर कुणाला ठाऊक. तीन आठवडे दोघांत बोलणं नव्हतं, आणि कारण होतं कलम सतरा. लिहिलेला मजकूर कुणी नंतर बदलला, तर तसं बाकीच्या जागांना ताबडतोब कळवायचं, एवढंच ते कलम. पडवी कळवायची नाही. कधी दोन दिवसांनी कळवायची, कधी विसरूनच जायची. गेल्या महिन्यात पडवीवरच्या कुणीतरी बागेतल्या भेटीची वेळ पाचवरून चार केली, आणि ओसरीची अकरा माणसं पाच वाजता रिकाम्या बागेत जाऊन माळ्याशी गप्पा मारून परत आली.

श्रीरंगनं मेघनाला एकतीस पत्रं लिहिली. तिचं उत्तर एकच आलं, सवडीनं करते म्हणून. सवडीनं... आणि कलम सतरा लिहिलं होतं तिनंच.

"मी काही आजच उठलो नाही, बुवा," श्रीरंग म्हणाला. "नियम मोडणाऱ्या सदतीस जागांची वाट मी आजवर बंद केलीय. ओळखदेख बघितली नाही."

"मंग आता किती ऱ्हायल्या?"

श्रीरंग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

"किती?"

"एक. पडवी."

बुवांनी सुपातला मसूर हलवला. श्रीरंगला वाटलं, म्हातारा गालातल्या गालात हसतोय.

"ह्या तुझ्या गावगाड्याचा मालक कोन?"

"तेच तर सांगतोय मघापासून. कुणीच नाही."

"मंग बंद कोन करतंय?"

"मी. म्हणजे... माझ्या बाजूनं."

बुवा खडे निवडत राहिले.

श्रीरंगला काही कळत नव्हतं असं नाही. पडवीची वाट बंद केली की सहाशे जणांचे तिकडचे स्नेही एका झटक्यात तुटणार होते. ओसरीवरचे देवस्थळीकाका पडवीवरच्या एका निवृत्त मास्तरांशी बुद्धिबळ खेळायचे. तीन महिन्यांत एकोणतीस चाली झाल्या होत्या, आणि काका आता चढावर होते. आणि मेघना... मेघनाचं उत्तर आलंय का, हे तो रात्री उठून बघत होता, पण ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पण माणूस जवळचा म्हणून नियम सैल करायचा, तर मग त्या सदतीस जणांनी काय घोडं मारलं होतं?

"पाणी मिळेल का?" त्यानं शेवटी विचारलं.

"घागर रिकामी हाय. हिरीवर जा, काढून पी."

या मठाच्या विहिरीवर दोर ठेवत नसत. येणाऱ्यानं आपापला आणायचा. पायथ्याच्या चहावाल्यानं हे बजावून सांगितलं होतं, म्हणून श्रीरंगनं पाठीवरच्या पिशवीत गाडीतला आपला कडे चढायचा दोर घेतला होता. केशरी रंगाचा, नवाकोरा. बुवांचा तांब्या त्याला नीट गाठ मारून त्यानं विहिरीत सोडला. दोर संपला. तांब्या पाण्याच्या अडीच हात वर लोंबकळत राहिला.

बुवा मागून आले. त्यांच्या खांद्यावर त्यांचा दोर होता.

"चैतात पानी खाली जातं. मंग हितं दोराला दोर बांधत्यात. सकाळी धनगर येतो, त्याचा नि माझा बांधून घागर भरतो. घे."

श्रीरंगनं तो दोर हातात घेतला. थोडा काथ्याचा, थोडा जुन्या लंगोट्या पिळून केलेला, मध्येच कुणाच्या तरी लुगड्याचा काठ. त्यानं दोन बोटांनी ताणून पाहिला आणि परत दिला.

मग तो समजावून सांगू लागला. त्याचा दोर दोन हजार किलो वजनाला तपासलेला होता, तसा शिक्काच होता त्यावर. असल्या दोराला चिंध्या बांधल्या की सगळ्याची ताकद चिंध्यांएवढी होते. "मला नाही चालणार, बुवा. दोर म्हणजे दोरासारखा पाहिजे."

"बरं," बुवा म्हणाले आणि काठावर बसले.

श्रीरंग पोटावर आडवा झाला. खांद्यापर्यंत हात आत घातला. मग छातीपर्यंत पुढं सरकला. तांब्या दगडावर आपटून ठणठणला. पाणी खाली गार, काळं, आणि अजून वीतभर लांब होतं. ऊन पाठीवर भाजत होतं आणि घशाला कोरड पडली होती. तो चरफडत होता. मेघनावर, धनगरावर, चहावाल्यावर, काठावर बसून आपल्याकडे बघणाऱ्या या म्हाताऱ्यावर.

तो उठून बसला. दोर तसाच पायाखाली दाबून त्यानं खिशातून फोन काढला आणि पडवीचं पान उघडलं. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'वाट बंद करा'. त्यानं अंगठा त्यावर धरला.

"शेवटचं विचारतो, बुवा. सरळ उत्तर द्या. बारा वर्षांत मी एक कलम मोडलं नाही. माझं काही चुकलंय का?"

बुवांनी विहिरीत वाकून पाहिलं.

"न्हाई. तुझा दोर अगदी बरोबर हाय. आता पान्याला सांग, वर ये म्हनावं."