भिवराची घटका

गावाला विहिरी तीनच होत्या, पण गाजरं पंचक्रोशीत गोड, त्या काळातली ही गोष्ट. लागोपाठ दोन वर्षं गाजराच्या पाल्यावर काळे ठिपके पडले, कडा करपल्या आणि वावरं आगीतून काढल्यासारखी दिसू लागली. कुणी म्हणालं दृष्ट, कुणी म्हणालं वारं. हौसाक्काच्या घरात भिवरा नवी सून. नव्या सुनेला विचारतंय कोण? तिनं परसातल्या कोऱ्या मातीत चिमूटभर बी टाकून पाहिलं. तिथंही पानं करपली. म्हणजे रोग बियाण्यातच दडला होता.

अख्ख्या गावाचं बी उरलं होतं एका पोकळ वाळक्या भोपळ्यात, हौसाक्काच्या घरी. भिवरानं ते फडक्यात बांधून कढत पाण्याच्या घंगाळात सोडलं. गाव अंगणात जमलं.

"बी शिजवून पेरतात होय तुझ्या माहेरी?" हौसाक्कानं विचारलं.

"शिजवत नाही, आत्याबाई. न्हाऊ घालतेय."

"उगवलं नाही, तर आलीस त्या वाटेनं जायचं."

भिवरानं मान डोलावली. पाणी निवलं तर रोग जगणार, फार तापलं तर बी मरणार. म्हणून तिनं उजवा हातच पाण्यात ठेवला. निवतंय वाटलं की डाव्या हातानं आधण ओतायची. शेजारी पाण्याच्या पातेल्यात लग्नातलं घटिकापात्र तरंगत होतं, तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती बुडली की घटका भरली.

त्या दिवशी वाटी बुडेचना, असं म्हणतात. सूर्य थबकला, गाई रवंथ करायच्या थांबल्या. हात लालबुंद झाला, तरी तिनं काढला नाही. शेवटी वाटी डुबुक करून गेली.

सुकवलेलं बी कधीच गाजर न पाहिलेल्या माळावर पेरलं. आठ दिवस गेले, दहा गेले. बाराव्या दिवशी हौसाक्कानं सुनेचं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. तेराव्या सकाळी ते उचलायला भिवरा वाकली, तर समोर माळ हिरवा.

एक पान करपलं नाही. गाजरं निघाली ती तिच्या हातासारखी लाल. त्याआधी ती फिकी असायची, असं म्हणतात.

आजही तिथं रोगट पाला उकिरड्यात न टाकता शिवेबाहेर जाळतात, एका वावरात तीन वर्षं पुन्हा गाजर घेत नाहीत. आणि पेरणीआधी गावातली सगळ्यांत नवी सून बियाण्याला भिवराची घटका घालते. वाटी बुडेपर्यंत सासूनं अवाक्षर काढायचं नसतं. हा नियम कुणी घातला, ते मात्र कुठलीच सून सांगत नाही.