काठापर्यंतची वर्दळ

कोणे एका रानात अस्वल राजा होता. अगदी रीतसर निवडून आलेला; निवडणुकीला उभाच तो एकटा होता.

राजाला पूल बांधायची भारी हौस. पण बांधायचे कुठे? त्यासाठी बगळेपंतांची नेमणूक झाली. पंत वाटेवर एका पायावर उभे राहून कोण कुठून कुठे जातं ते टिपत. त्यावरून त्यांनी असं गणित बसवलं, की उद्या कुठून कुठे किती जनावरं जाणार, हे आजच सांगता यावं. राजा खूश. रानभर फलक लागले: ‘जिथे वर्दळ, तिथे पूल!’

सगळ्यात जास्त वर्दळ राजाच्या गुहेतून मधाच्या पोळ्यांकडे निघाली. वाटेत नदी नव्हती, तरी पूल झाला. देखणा झाला, हे कबूल करायला हवं.

नदीकाठी साळूबाई साळिंदर राहायची. लेक पलीकडच्या काठाला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले. मधे नदीत मगरी. साळूबाई पंतांसमोर जाऊन उभी राहिली.

“पंत, इथं पूल पाहिजे. लेकीचं बाळंतपण आलंय.”

“बाई, इथे नदी ओलांडणारे शून्य. गणित म्हणतं, उद्याही शून्य.”

“पूलच नाही तर ओलांडणार कसे? परवा दोघं निघाले, त्यांना मगरीनं खाल्लं!”

“म्हणजे पोचले नाहीत. पोचल्याशिवाय आम्ही प्रवास धरत नाही.”

साळूबाईने काटे फुलवून असा काही आरडाओरडा केला की राजधानीत ऐकू गेला. मंत्री धावत आले. “साळूआक्का, तुमची लेक ती रानाची लेक! पूल होणारच, हे आमचं आश्वासन!” त्यांच्यामागून दुसरे मंत्री आले, मग विरोधक, मग आधीच्या आश्वासनांचं काय झालं ते पाहायला समिती. रोज कुणी ना कुणी यायचंच. काठावर खारीने भज्यांची गाडी टाकली. साळूबाई मनातून हरखली. झाली की वर्दळ!

आणि खरंच, पुढच्या मोजणीत रानातली सर्वांत गजबजलेली वाट निघाली राजधानी ते नदीकाठ. साळूबाई पेढे घेऊन पंतांकडे पळाली.

“पंत, आता तरी?”

“मंजूर झालं, बाई! सहापदरी रस्ता.”

“आणि पूल?”

“वर्दळ काठापर्यंतच आहे. पुढे कुणी गेलेलंच नाही.”

रस्ता झाला, गुळगुळीत. साळूबाईचा नातू पलीकडून रोज “आज्जे!” अशी हाक मारतो, ती इकडून हात हलवते. मला तिचं वाईट वाटतं, पण रस्ता खरोखर छान आहे. पूर्वी आश्वासन यायला आठवडा लागायचा. आता सकाळी मागितलं, की दुपारच्या आत पोचतं.