शेपटीवरची लाल रेघ

माणसांच्या आधी उंदरांना औषध द्यायची रीत नुकतीच पडली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात ढवळी नावाची उंदरीण आपल्या पिल्लाला पोटाशी धरून बसलेली असे.

तिथलं सगळं काम मृदुलाबाई बघत; उंदरांच्या दाणापाण्याला त्यांचे मदतनीस कारखानीस असत. काही उंदरांच्या शेपटीवर त्या शाईची लाल रेघ ओढायच्या. रेघवाल्यांना रोज औषधाची सुई. बाकीच्यांना सुई नाही, तुलनेसाठी त्यांच्यावर नुसतं लक्ष ठेवायचं. सुई टोचलेले उंदीर कोपऱ्यात थरथरत पडून राहायचे.

एके दिवशी पिल्लाच्या शेपटीवर रेघ आली. बाईंची पाठ वळताच ढवळीने ती शेपटी चाटायला घेतली, आणि शाई निघाली की!

"मावशी, माझीपण पूस ना गं," शेजारचा उंदीर काकुळतीला आला. त्याला नाही कसं म्हणायचं? मग दुसरा आला, तिसरा आला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या शेपट्या कोऱ्या झाल्या.

सकाळी मृदुलाबाईंनी झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. "औषध कुणाला दिलंय, कुणाला नाही, आता कसं ओळखायचं? अख्खा पिंजरा वाया गेला, कारखानीस. नवे उंदीर मागवा."

सुई तशीच परत गेली. पिंजऱ्यात एकच जल्लोष उसळला.

"आई, सुटलो गं आपण!" पिल्लू उड्या मारायला लागलं.

ढवळी मात्र बाहेर बघत होती. कारखानीस एकेका पिंजऱ्यात दाणे टाकत येत होते. ते यांच्या पिंजऱ्यापाशी आले, क्षणभर थबकले, आणि दाण्यांचा डबा तसाच घेऊन पुढच्या पिंजऱ्याकडे गेले.