निळीचे रांजण

फार पूर्वी तगर नगरावर राजा सुबाहूची सत्ता असताना बोधिसत्त्वांनी एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. वडिलांच्या मागे पेढी त्यांच्याकडे आली.

त्या नगरात सारा व्यवहार उधारीवर चाले. कापूसवाला विणकराला उधार देई, विणकर कापड निळीत रंगवणाऱ्या निळाऱ्याला, निळारी बंदरावर माल नेणाऱ्या तांड्यांना. एका वर्षी जहाजे बंदरात परतलीच नाहीत. तांडे रिकाम्या हातांनी आले आणि एकामागून एक कारखाने बसू लागले.

तिथला रिवाज असा होता. ज्याचे देणे थकले, त्याच्या दारावर दोर बांधत. मग सारे धनको अंगणात जमत. ज्याचे येणे सर्वांत मोठे, तो पहिली वस्तू निवडी. ती दाराबाहेर गेली, की मगच दुसऱ्याने हात लावायचा. चालते माग अशा वेळी मोडून सरपणाच्या भावाने जात. येणे कोणाचेच फिटत नसे, आणि थोड्याच दिवसांत वसुली करणाऱ्याच्याच दारावर दोर येई.

एके दिवशी कन्हक निळाऱ्याच्या दारावर दोर बांधला गेला. सर्वांत मोठे येणे बोधिसत्त्वांचे, म्हणून पहिला मान त्यांचा होता. पण भद्रपाल सावकाराचे मोठे देणे त्यांच्याही डोक्यावर होते. आज हात रिकामे राहिले, तर पुढचा दोर त्यांच्याच दारावर होता, हे ते जाणून होते.

अंगणात जमिनीत पुरलेले रांजण होते. त्यांच्यात नीळ आंबत होती. कन्हक वाकून त्यांच्यात कोंडा आणि गूळ टाकत होता.

"अरे, घर बुडालं आणि तू रांजणांना जेवू घालतोस?" भद्रपाल हसला.

"उपाशी राहिली तर नीळ मरते, सावकार," कन्हक म्हणाला. "तिचा काय दोष?"

बोधिसत्त्व ते ऐकून थबकले. तांब्याच्या कढया, कापडाचे गठ्ठे, बैलजोडी, सारे समोर होते. पण त्यांनी एका रांजणाच्या काठावर हात ठेवला.

"हे रांजण माझे. नीळ आहे तशी जिवंत हवी."

लोक हसले. "श्रेष्ठी, जमिनीतून उपटणार कसे?"

"सवडीने उपटीन."

भद्रपालाचे हसू मावळले. "म्हणजे तोवर आम्ही कोणी कशाला हात लावायचा नाही?"

"रिवाज तुम्हीच सांगत आलात, भद्रपाल."

"आणि तुमच्याकडचे माझे पैसे?"

"माझं नदीकाठचं घर तारण घ्या. इथे कापड रंगेल, विकलं जाईल, तेव्हा आधी तुम्हा सर्वांचं फिटू द्या. मी शेवटी घेईन. रांजण फोडलेत तर मात्र वाटून घ्यायला खापऱ्याच उरतील." मग ते निळाऱ्याकडे वळले. "कन्हक, माझी नीळ सांभाळायला माणूस हवा. राहशील?"

कन्हकाने निळे हात धोतराला पुसले आणि मान डोलावली.

भद्रपाल कुरकुरला, पण घर मोलाचे होते. दोर सुटला. बोधिसत्त्वांनी आपले कोरे कापड रंगायला पाठवले. वर्षभर त्यांच्या घरी साधी भाकरी होती आणि पेढीवर टोमणे मारायला येणाऱ्यांची वर्दळ. पुढच्या हंगामात जहाजे आली. तगरात कन्हकाचे निळे कापड तेवढे तयार होते. कन्हकाने एकेकाचे देणे चुकते केले. अगदी शेवटी बोधिसत्त्वांचेही येणे फिटले, त्यातून त्यांनी भद्रपालाचे देणे दिले आणि घराचे तारण सुटले.

पुढे एका कासाराच्या दारावर दोर आला. या वेळी पहिला मान भद्रपालाचा होता. कासाराची बायको तोंडाला पदर लावून उभी होती. भद्रपालाने घडवलेल्या घंटा पाहिल्या, भांडी पाहिली. मग घसा खाकरून त्याने जमिनीत बांधलेल्या भट्टीवर हात ठेवला.

"ही माझी," तो म्हणाला. "सवडीने नेईन. तोवर विझू देऊ नका."

ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा कन्हक म्हणजे आजचा भिक्षू आनंद. भद्रपाल या सभेतच बसला आहे आणि आता सर्वांआधी दुसऱ्याच्या पात्रात वाढतो. तो कापडव्यापारी मीच होतो. दुसऱ्याला उभे राहता यावे म्हणून आपण थांबणे, हीच क्षांती, हाच खरा धीर."