अकरावा राग

“या बारातले तुला येतात किती?” कृष्णाक्कांनी विचारलं.

मूर्खपणा सगळा माझाच. रेडिओच्या ऑडिशनचा फॉर्म भरताना आपल्याला येणाऱ्या रागांची यादी द्यावी लागते. परीक्षक त्यातला कुठलाही गायला सांगतात. माझ्याबरोबर शिकलेल्या विभाने दहा लिहिले, म्हणून मी बारा लिहिले. वय चव्वेचाळीस, आणि अक्कल ही एवढी.

“तीन,” मी म्हटलं. मग जरा धीर करून, “साडेतीन.”

आक्कांनी चष्मा पुसला. यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

ऑडिशन आठ दिवसांवर आली होती. याआधी दोनदा नापास झालेय. या वेळी नाही जमलं तर गाणं बंद, असं घरी जाहीर करून बसले होते. ‘असं काय बोलतेस’ एवढंसुद्धा कुणी म्हणालं नाही. त्यामुळे आता ते खरंच करावं लागणार होतं.

सकाळची बस पकडून मिरजेला आक्कांकडे आले ती एवढंच विचारायला, की परीक्षक बहुधा कुठले राग मागतात. आक्का पन्नास वर्षं गाणं शिकवतायत, त्यांना अंदाज असणार. तेवढे दोन-चार घोकून टाकायचे, असा माझा बेत.

विचारलं.

“शुद्ध सारंग मागतील.”

“नक्की?”

“मी मागतेय. मी परीक्षक. बाहेर थांब. हाक मारली की आत यायचं आणि गायचं.”

शुद्ध सारंग यादीत अकरावा होता. जागा भरायला लिहिलेला. वीस वर्षांपूर्वी आक्कांनीच शिकवलेली एक बंदिश, तिचा मुखडा आठवत होता आणि अंतऱ्याची नुसती चाल. मी तसं सांगायला लागले. आक्कांनी दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. बाटलीतलं पाणी संपवलं.

आत तंबोरा लागला. मग आक्कांचा आवाज आला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आवाज कसला, निम्मा श्वासच. शुद्ध सारंगातलीच, पंचमावरून दोन्ही मध्यम घेत रिषभावर उतरायची एक जागा. म्हटली. थांबल्या. तार जरा चढवली. पुन्हा तीच जागा. पुन्हा तीच...

मला वाटलं, झालं, आक्का रंगल्या आणि मी बाहेर आहे हे विसरल्या. वयच झालंय त्यांचं.

मी विभाला फोन लावला. तिची ऑडिशन झालेली, तिला कुठला राग मागितला होता ते विचारायला. तिने उचलला नाही. मेसेज केला. तिने तो बघितला, पण उत्तर काही देईना. मग मी कपाळाला हात लावून अंतरा आठवत बसले, आणि आठवत होती ती फक्त गेल्या वेळची परीक्षकांच्या खोलीतली शांतता.

अर्ध्या तासाने हाक आली.

आत गेले. आक्का तंबोरा मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. कपाळावर घाम.

“आक्का, मला वाटलं तुम्ही विसरलात.”

“नाही.”

“मग इतका वेळ काय चाललं होतं?”

“तयारी.”

“तुम्हाला कशाला तयारी? गायचं तर मला आहे. तुम्ही नुसतं ऐकणार होतात...”

आक्कांनी तंबोरा माझ्याकडे सरकवला.

“हो. नुसतं ऐकायचं होतं, म्हणून अर्ध्या तासात झालं.”