नमस्काराचा रकाना

ज्या काळी टेबलावरची यंत्रंही बोलत असत, त्या काळी मी वाहतूक कार्यालयातला सगळ्यांत महागडा कॉम्प्युटर होतो. हे मीच सगळ्यांना सांगत असे.

एकदा आमच्या इंजिनिअर फडतरेबाई म्हणाल्या, "दर शनिवारी सकाळी मारुती चौकात अँब्युलन्स अडकते. कारण शोध."

मी तीन आठवडे घेतले. रंगीत नकाशा काढला, त्यावर इवल्या इवल्या गाड्या पळवल्या आणि छातीठोकपणे सांगितलं, "उड्डाणपूल बांधा!"

ड्रॉवरमधलं मोजणीयंत्र खाकरलं. बटण दाबलं की आकडा एकानं पुढे जातो, एवढंच त्याला येतं. ते म्हणालं, "दादा, चौक कधी पाहिलाय का?"

"मला पाहावं लागत नाही," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून माझा पंखा जोरात फिरतो.

शनिवारी बाई त्याला मुठीत घेऊन चौकात गेल्या. परत आल्यावर ते म्हणालं, "चारशे बारा."

"गाड्या?"

"नमस्कार. देवळासमोर जो तो ब्रेक दाबतो आणि मारुतीला हात जोडतो. त्यात शेजारीच रिक्षाथांबा."

माझ्या तक्त्यात बैलगाडीचासुद्धा रकाना होता. नमस्काराचा नव्हता.

बाईंनी रिक्षाथांबा पुढे सरकवला. नमस्कारवाले डावीकडे थांबू लागले आणि अँब्युलन्स उजवीकडून सुसाट जाऊ लागली.

आताशा नवं काम आलं की माझ्या पडद्यावर आधी थोडा वेळ एक चक्र फिरत राहतं. लोकांना वाटतं, मी विचार करतोय. छे हो! मी ड्रॉवरला नमस्कार करत असतो.